फावडे चालते, यादी चालत नाही

आपल्याकडे संस्था काढायची म्हटले की सात माणसे गोळा करावी लागतात, घटना लिहावी लागते, नोंदणीचे सोपस्कार उरकावे लागतात आणि मग वर्षानुवर्षे हिशेबतपासणी, चेंज रिपोर्ट आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते यांचा रतीब घालत राहावे लागते. एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही काळ खजिनदार होतो, त्यामुळे या कागदांचा कंटाळा मला चांगला ठाऊक आहे. पण त्या काळात एक प्रश्न आम्हाला कुणी विचारला नाही, आणि तो विचारला जाऊ शकतो हेही कधी आमच्या मनात आले नाही. तुमची हमी कोणते सरकारी खाते घेणार, हा तो प्रश्न. चीनमध्ये संस्था काढू पाहणाऱ्या माणसाची सुरुवातच या प्रश्नापासून होते.

चीनच्या राज्य परिषदेने ऑक्टोबर १९९८ मध्ये सामाजिक संघटनांच्या नोंदणीची सुधारित नियमावली काढली. तिच्यातल्या पहिल्या अटी आपल्याला परिचितच वाटतील. किमान ५० सदस्य हवेत, स्थानिक संस्थेकडे ३० हजार आणि देशपातळीवरच्या संस्थेकडे १ लाख युआन हवेत, कार्यालय हवे, पूर्णवेळ कर्मचारी हवेत. खरी मेख पुढे आहे. नागरी व्यवहार खात्याकडे नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या सरकारी खात्याने किंवा सरकारमान्य संघटनेने त्या संस्थेची देखरेख स्वीकारली पाहिजे, आणि संस्थेच्या वागण्याला पुढे तेही जबाबदार राहिले पाहिजे. त्या भागात त्याच किंवा तशाच कामाची संघटना आधीपासून असेल तर नव्या संस्थेची गरज नाही असे म्हणून अर्ज फेटाळता येतो. एका शहरात नोंदलेल्या संस्थेला दुसऱ्या शहरात शाखा काढता येत नाही. चीनमधले कार्यकर्ते आपसांत बोलताना या देखरेख करणाऱ्या खात्याला ‘सासू’ म्हणतात, आणि नव्या संस्थेच्या खटपटीला ‘सासू शोधणे’ असे म्हणतात. मराठी वाचकाला यापुढे काही समजावून सांगावे लागू नये.

अडचण अशी की सासू होण्यात कोणत्याही खात्याचा काडीचा फायदा नसतो. संस्थेने चांगले काम केले तर श्रेय तिचे, आणि ती कुठे घसरली तर खातेप्रमुखाची बढती अडकणार. मग कोणता अधिकारी स्वतःहून ही जोखीम घेईल? त्यामुळे हजारो गटांनी आडवाटा धरल्या. कुणी व्यापार नोंदणी कार्यालयात कंपनी म्हणून नाव नोंदवले, कुणी विद्यापीठाच्या एखाद्या विभागाचे उपकेंद्र झाले, आणि पुष्कळांनी कुठेच नोंदणी केली नाही. हे सगळे लपूनछपून चालले होते असे नाही. स्थानिक अधिकाऱ्यांना ते माहीत असे, काही वेळा ते या गटांच्या कार्यक्रमांना पाहुणे म्हणूनही येत.

हुकूमशाही राजवटीत सरकार संस्थांना चिरडते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यापलीकडे काही पाहायचे राहूनच जाते. चिरडणे घडते, त्याकडे मी येणारच आहे. मात्र रोजच्या व्यवहारात चिनी शासनाने जे साधले ते मला अधिक चतुर वाटते. संस्थांना कायद्याच्या उंबरठ्यावर, धड आत नाही आणि धड बाहेर नाही अशा अवस्थेत वर्षानुवर्षे उभे ठेवण्यात आले. जो सतत कुठल्या ना कुठल्या नियमाचा भंग करत जगतो, त्याच्याविरुद्ध नवा कायदा करावा लागत नाही; जुन्यातले कोणते कलम कधी वापरायचे, एवढेच ठरवावे लागते. ही व्यवस्था कुणी एका बैठकीत आखली असेल असे मला वाटत नाही, पण तिचा उपयोग लक्षात आल्यावर ती दुरुस्त करण्याची घाईही कुणाला झाली नाही.

नोंदणीचे हे दुहेरी कुंपण पहिल्यांदा उभे राहिले ते ऑक्टोबर १९८९ मध्ये. त्याच वर्षीच्या वसंतात बीजिंगमध्ये विद्यार्थ्यांनी आणि कामगारांनी स्वतःच्या स्वायत्त संघटना काढल्या होत्या, आणि जूनमध्ये तिआनमेन चौकात त्याचा शेवट कसा झाला हे जगाला ठाऊक आहे. पण तारखांचा एक योग मला फार बोलका वाटतो. कुंपण घालणारी नियमावली ज्या महिन्यात आली, त्याच महिन्यात ‘होप प्रकल्प’ही जाहीर झाला. खेड्यांतल्या गरीब मुलांना शाळेत टिकवण्यासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि शाळा बांधायच्या, असे त्याचे स्वरूप होते. तो चालवणारी चायना यूथ डेव्हलपमेंट फाउंडेशन ही संस्था कम्युनिस्ट युवक संघाच्या छत्राखालची होती. आन्ह्वेई प्रांतातल्या एका शाळकरी मुलीचे, हातात पेन्सिल धरून टपोऱ्या डोळ्यांनी पाहणारे १९९१ चे छायाचित्र या प्रकल्पाची ओळख बनले आणि चीनच्या घराघरांत पोहोचले. लोकांच्या दातृत्वाची शासनाला नितांत गरज होती; ते दातृत्व आपल्याच नळातून वाहावे एवढाच आग्रह होता. बिगर-सरकारी म्हणवणाऱ्या पण सरकारनेच जन्माला घातलेल्या अशा संस्था आजही तिथे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना बनावट म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही, कारण त्यांनी बांधलेल्या शाळा खऱ्या होत्या.

सरकारी नाळ नसलेल्या संस्थांना बळ मिळाले ते १९९५ मध्ये, आणि तेही काहीसे अपघाताने. संयुक्त राष्ट्रांच्या चौथ्या जागतिक महिला परिषदेचे यजमानपद बीजिंगने घेतले आणि यजमानपदाबरोबर बिगर-सरकारी संस्थांचे समांतर संमेलनही पदरात पडले. सरकारने ते शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर ह्वायरोऊ इथे हलवले. तरीही सुमारे ३० हजार लोक, बहुतांश स्त्रिया, पावसाचिखलात तिथे जमल्या. स्वायत्त संस्था म्हणजे नेमके काय, हे कित्येक चिनी स्त्रियांनी तिथे पहिल्यांदा जवळून पाहिले. त्याच वर्षाअखेरीस वकील क्वो च्यान्मेई यांनी पेकिंग विद्यापीठाच्या आश्रयाने स्त्रियांसाठी कायदेविषयक मदत केंद्र सुरू केले.

पर्यावरणाच्या क्षेत्रात मात्र वेगळेच नाट्य घडले, आणि ते मला सर्वांत जास्त विचारात पाडते. इतिहासाचे अभ्यासक लिआंग त्सोंगज्ये यांनी १९९४ मध्ये ‘निसर्गमित्र’ ही संस्था नोंदवली, ती चिनी संस्कृतीच्या अध्ययनाला वाहिलेल्या एका अकादमीची हरित शाखा म्हणून. सासू मिळाली ती संस्कृतीच्या घरातली. लिआंग हे सुप्रसिद्ध सुधारक लिआंग छीछाओ यांचे नातू होते आणि राष्ट्रीय सल्लागार परिषदेचे सदस्यही होते. हे कवच नसते तर संस्था टिकली असती का, याची मला शंका आहे. तिबेटी चिरू हरणांची शिकार थांबावी म्हणून त्यांनी १९९८ मध्ये बीजिंगला आलेल्या ब्रिटनच्या पंतप्रधानांना, टोनी ब्लेअर यांना, पत्र दिले. त्या हरणांची लोकर काश्मिरात विणली जाऊन शाहतूश शालींच्या रूपाने लंडनच्या बाजारात पोहोचत होती. हा विषय निवडण्यामागची जाण पाहण्यासारखी आहे. शिकारी बेकायदा, गिऱ्हाईक परदेशी, हरीण आपले. या मागणीत पक्षाला खटकावे असे काहीच नव्हते.

नू नदीचा प्रश्न इतका सोपा नव्हता. तिबेटच्या पठारावर उगम पावणारी ही नदी युन्नानमधून पुढे म्यानमारात सालवीन नावाने जाते. तिच्या खोऱ्याचा समावेश असलेल्या ‘तीन समांतर नद्या’ प्रदेशाला युनेस्कोने जुलै २००३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि पुढच्याच महिन्यात त्या नदीवर १३ धरणांची साखळी बांधण्याची योजना बीजिंगमध्ये पुढे सरकली. क्षमता २१ हजार मेगावॅटहून अधिक, म्हणजे प्रसिद्ध ‘तीन घळी’ (थ्री गॉर्जेस) धरणाच्या तोडीची. प्रांत सरकारला महसूल हवा होता आणि वीज कंपनीला नदी हवी होती. विरोध मात्र सरकारच्या आतूनच सुरू झाला. पर्यावरणाची राष्ट्रीय यंत्रणा तेव्हा पूर्ण मंत्रालयही नव्हती. इतर खात्यांपुढे तिचा आवाज चालत नसे. १ सप्टेंबर २००३ पासून पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाचा नवा कायदा लागू झाला होता आणि तो वापरून दाखवायची संधी तिला हवी होती. तिच्याकडे कायदा होता, माणसे नव्हती. संस्थांकडे माणसे होती, पत्रकार होते, अभ्यास होता, पण अधिकार नव्हता. दोघांनी एकमेकांचा हात धरला.

बीजिंगमधल्या पत्रकार वांग योंगछन यांच्या हरित गटाने शास्त्रज्ञ, कलावंत आणि वार्ताहर यांना या प्रश्नावर एकत्र आणले. युन्नानमध्ये यू श्याओकांग यांनी त्याआधी लान्छांग नदीवरच्या मानवान धरणाने गावांवर काय परिणाम केले याचा अभ्यास केला होता. ते नू खोऱ्यातल्या गावकऱ्यांना मानवानला घेऊन गेले आणि धरणामुळे उठवल्या गेलेल्या लोकांचे पुढे काय झाले ते त्यांच्याच तोंडून ऐकवले. नर्मदेच्या खोऱ्यातल्या पुनर्वसनाच्या कहाण्या ज्या मराठी वाचकांनी वर्षानुवर्षे वाचल्या आहेत, त्यांना त्या भेटीत काय बोलले गेले असेल याची कल्पना करता येईल. २००४ च्या आरंभी पंतप्रधान वन च्याबाओ यांनी या योजनेचा अधिक सावधपणे आणि शास्त्रीय पद्धतीने विचार व्हावा असा शेरा मारून ती थांबवली. योजना नंतर अनेकदा डोके वर काढत राहिली, पण १३ धरणांची ती साखळी उभी राहिली नाही.

या घटनेकडे मी नागरी समाजाचा विजय म्हणून पाहत नाही, आणि केवळ दोन खात्यांचे भांडण म्हणूनही पाहत नाही. शासन म्हणजे एकसंध खडक नसतो. त्याच्या खात्याखात्यांत हेवेदावे असतात, केंद्र आणि प्रांत यांचे हितसंबंध वेगळे असतात, आणि त्या फटींतून शहाण्या संस्थांना काही काळ हालचाल करता येते. पण फट आपल्या मालकीची नसते. जॉर्जिया, युक्रेन आणि किरगिझस्तान इथल्या सत्ता २००३ ते २००५ या काळात जनआंदोलनांनी उलथल्या. त्यात परदेशी पैशांवर चालणाऱ्या संस्थांचा हात होता अशी बीजिंगची खात्री झाली आणि संस्थांच्या चौकशा सुरू झाल्या. नू नदीकाठी काय चालले होते याचा किव्हमधल्या घडामोडींशी काही संबंध नव्हता, तरीही झळ पोहोचलीच.

मग आला १२ मे २००८ चा सिच्वानचा भूकंप. सुमारे ६९ हजार लोक मृत आणि १८ हजार बेपत्ता. देशभरातून लोक स्वतःच्या गाड्यांतून औषधे, तंबू आणि पाणी घेऊन निघाले. त्यांना कुणी अडवले नाही. सरकारी वृत्तवाहिन्यांनी त्यांचे कौतुक केले. अनेक लहान संस्थांनी तिथे एकत्र येऊन मदतीची वाटणी केली, आणि चीनमध्ये स्वयंसेवेचे युग सुरू झाले असे तेव्हा उत्साहाने लिहिले गेले. आपल्याकडे १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्रभरातून लोक लातूर-उस्मानाबादकडे धावले होते, त्याची आठवण ज्यांना आहे त्यांना त्या उत्साहाचा खरेपणा सांगावा लागणार नाही.

सिच्वानमध्ये मात्र ढिगारे उपसताना एक गोष्ट उघडी पडली. अनेक ठिकाणी शाळा भुईसपाट झाल्या होत्या आणि शेजारच्या इमारती उभ्या होत्या. बांधकामात कुणी किती पैसे खाल्ले, हा प्रश्न मुले गमावलेल्या आईबापांनी विचारला. सिच्वानमधल्या छंग्तू शहराचे लेखक आणि पर्यावरण कार्यकर्ते थान झुओरेन यांनी मृत विद्यार्थ्यांची नावे गोळा करायला घेतली. कलावंत आय वेईवेई यांनी स्वयंसेवकांना गावोगाव पाठवून तीच मोजदाद स्वतंत्रपणे केली. मार्च २००९ मध्ये थान यांना अटक झाली. त्यानंतर मे महिन्यात प्रशासनाने प्रथमच ५,३३५ विद्यार्थी मृत किंवा बेपत्ता असल्याचे जाहीर केले. थान यांच्या खटल्यात साक्ष द्यायला गेलेल्या आय यांना छंग्तूच्या हॉटेलात पोलिसांनी मारहाण केली. फेब्रुवारी २०१० मध्ये थान यांना राज्यसत्तेविरुद्ध चिथावणी दिल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. निकालात आधार घेतला गेला तो १९८९ च्या घटनांविषयीच्या त्यांच्या लेखनाचा. शाळांचा उल्लेख टाळून शाळांची शिक्षा कशी देता येते, याचा हा नमुना.

फावडे घेऊन आलेला माणूस आणि वही घेऊन आलेला माणूस कित्येकदा एकच होता, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या आठवड्यात त्याने ढिगारा उपसला आणि नंतर त्याखाली कोण होते ते लिहून काढले. पहिल्या कामासाठी त्याचा सत्कार झाला असता.

उंबरठ्यावर उभे ठेवण्याचा उपयोग कसा होतो ते त्याच सुमारास कायदेविषयक मदत करणाऱ्या ‘गोंगमंग’च्या बाबतीत दिसले. शू झियोंग आणि त्यांचे वकील मित्र २००३ पासून ही संस्था चालवत होते. मेलामाइन मिसळलेल्या दुधाने २००८ मध्ये आजारी पडलेल्या बाळांच्या पालकांनाही तिने मदत केली होती. सासू न मिळाल्यामुळे ती कंपनी म्हणून नोंदलेली होती. जुलै २००९ मध्ये करखात्याने परदेशी विद्यापीठाकडून आलेल्या अनुदानावरचा कर चुकवल्याचा ठपका ठेवून १४ लाख २० हजार युआनचा दंड ठोठावला, कार्यालयाला टाळे लागले आणि महिनाअखेरीस शू यांना पहाटे घरातून नेण्यात आले. संस्था म्हणून नोंदू दिले नाही, आणि कंपनी म्हणून नोंदली तर देणगीला उत्पन्न ठरवले. शू त्या वेळी काही आठवड्यांत सुटले. पुढे २०१४ मध्ये त्यांना चार वर्षांची आणि २०२३ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली.

क्वो च्यान्मेई यांच्या केंद्राशी पेकिंग विद्यापीठाने २०१० मध्ये संबंध तोडले. केंद्र नव्या नावाने चालू राहिले आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी बंद झाले. ज्यासाठी त्यांनी आणि इतर अनेकींनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा बरोबर एक महिन्याने, १ मार्चला, लागू झाला. मागणी मान्य होते आणि मागणारी नाहीशी होते. याला दडपशाही म्हणावे तर कायदा झालेला असतो, आणि सुधारणा म्हणावी तर केंद्राला कुलूप असते.

२०१६ हे वर्ष एकूणच निर्णायक होते. मार्चमध्ये धर्मादाय कायदा झाला आणि एप्रिलमध्ये परदेशी संस्थांविषयीचा कायदा. पहिल्याने गरिबी, वृद्ध, आपत्ती अशा कामांसाठी देणग्या गोळा करणे बऱ्यापैकी सुकर केले. दुसऱ्याने परदेशी संस्थांची नोंदणी आणि देखरेख नागरी व्यवहार खात्याकडून काढून १ जानेवारी २०१७ पासून पोलिसांकडे, म्हणजे सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे सोपवली. त्यांना वर्षाच्या कामाचा आराखडा आधी द्यावा लागतो आणि नोंदणी नसेल तर चिनी संस्थांना पैसे देता येत नाहीत. इथे मला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येते. काँग्रेसने लोकवर्गणीतून पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते १९३८ मध्ये चीनला गेले, कम्युनिस्ट सैन्याच्या रणांगणाजवळच्या रुग्णालयांत राबले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. चीनने त्यांचे पुतळे उभारले आहेत. परक्या देशातल्या एका राजकीय पक्षाचा पैसा, वादग्रस्त प्रदेश आणि सत्तेला आव्हान देणाऱ्या सैन्याची शुश्रूषा, असा अर्ज आज एखाद्या पोलीस ठाण्यात गेला तर त्यावर कोणता शिक्का बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आपण मात्र हे फार ऐटीत म्हणू नये. परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा आपला पहिला कायदा १९७६ चा, ऐन आणीबाणीतला, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. आपल्याकडे न्यायालयात जाता येते, वर्तमानपत्रात लिहिता येते, हा फरक मोठा आहे. तो किती मोठा राहतो हे आपल्यावर आहे.

चीनमध्ये आज सुमारे नऊ लाख नोंदणीकृत सामाजिक संघटना आहेत. समाजसेवेची कामे सरकार त्यांच्याकडून कंत्राटाने करून घेते, २०१५ पासून त्यांच्यात पक्षशाखा स्थापण्याचा आग्रह धरला जातो आणि २०२३ मध्ये पक्षाने सामाजिक कार्यासाठी वेगळा केंद्रीय विभागच काढला. एवढ्या संस्था असूनही वूहानमध्ये काय घडले ते पाहा. २३ जानेवारी २०२० रोजी शहर बंद झाले आणि तीन दिवसांनी नागरी व्यवहार मंत्रालयाने आदेश काढला की वूहान ज्यात येते त्या हूबेई प्रांतासाठीची मदत केवळ पाच ठरावीक संस्थांनीच स्वीकारावी. पाचही सरकारी नाळेच्या. देशभरातून आलेले मुखपट्ट्यांचे खोके रेडक्रॉसच्या गोदामात साचले, रुग्णांनी भरलेल्या मोठ्या रुग्णालयाला थोडे आणि एका खासगी रुग्णालयाला जास्त मिळाल्याचे उघड झाले, डॉक्टरांनी समाजमाध्यमांवर मदतीची याचना केली. अखेर गोदामाचे काम एका औषध वितरण कंपनीकडे द्यावे लागले आणि अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. कोणत्या वॉर्डात काय कमी आहे हे वर कळवणारी माणसे एव्हाना एकतर कंत्राटावर होती किंवा घरी बसली होती. काही स्वयंसेवकांनी तरीही आपल्या गाड्यांतून परिचारिकांची ने-आण केली, आदेशात त्याची तरतूद नसताना.

त्या कंत्राटांवर काम करणाऱ्यांना नावे ठेवणे मला जमत नाही. वृद्धांना जेवण पोहोचवणाऱ्या, अपंग मुलांना शिकवणाऱ्या, स्थलांतरितांच्या वस्तीत वाचनालय चालवणाऱ्या संस्थेने तत्त्वासाठी स्वतःला मिटवून घ्यावे, असे इथे बसून सुचवणे सोपे आहे. मला प्रश्न पडतो तो त्यांच्यातल्या एखाद्या हुशार मुलीबद्दल. जेवणाचे डबे पोहोचवताना तिला एका इमारतीतल्या अनेक म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन अडकल्याचे कळेल, ती सवयीने नावे आणि रकमा लिहू लागेल, आणि कंत्राटाच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल. तिचा प्रमुख वाईट माणूस नसेल. तो तिला ती वही घरी ठेवायला सांगेल.